तीन दिवसांचा बांगडा

"आणि शिजवला नाही? तसाच?"

"तसाच."

"तेल नाही, तिखट नाही?"

"अगं, तसाच म्हणजे तसाच. कापला, भाताच्या मुटक्यावर ठेवला आणि पुढ्यात दिला."

"मग आपण इतकी वर्षं काय करतोय मावशी? आपणही तसाच देतो की! लोकच घरी नेऊन उगाच शिजवत बसतात."

कोळंबीवाली स्वतःच्याच विनोदाला एवढी हसली, की तिच्या पुढ्यातल्या परातीतली सोललेली कोळंबीही हलली. अंगठामावशी हसली नाही. ती रावसाची खवलं काढत होती, आणि खवलं काढताना हसलं की सुरी वाकडी जाते हे तिला एक्केचाळीस वर्षं माहीत होतं.

बाजाराची ती जुनी शेड. वर पत्रे, मधून पाणी वाहून जायला चर, आणि चराच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे ओटे. दारातून आत शिरलं की उजव्या हाताचा तिसरा ओटा अंगठामावशीचा. सिमेंटला जो खळगा पडला होता तो तिच्याच बैठकीच्या मापाचा होता. चौथा ओटा कोळंबीवालीचा. दोघींच्या मध्ये वीतभर जागा, आणि त्या वीतभर जागेतून बाजारातली एकही गोष्ट निसटून जात नसे.

अंगठामावशी हे नाव बाजारानेच ठेवलेलं. मासा हातात आला की ती आधी त्याला अंगठ्याने दाबायची. डोळे, कल्ले ते सगळं मागून. दाबलेला खळगा झटकन भरून आला तर मासा आजचा, दमाने आला तर कालचा, आलाच नाही तर मांजराचा. भाजी घ्यायला गेली तरी वांग्याला अंगठा लावायची. मुलासाठी मुलगी बघायला गेली तेव्हा सुनेच्या गालालाही लावून आली, असं कोळंबीवाली शपथेवर सांगते. त्यात खरं किती ते सुनेला ठाऊक.

आज दहाला बाजाराचा कारकून यादी घेऊन येणार होता. शेड पाडून नवी इमारत व्हायची होती. पांढरे गुळगुळीत ओटे, प्रत्येकाला आपला नळ, वर पंखा. ज्याला नव्या इमारतीत जागा हवी त्याने होय म्हणायचं, नको त्याने नाही. एकदा नाही म्हटलं की नाव कटलं, मग वरून देव उतरला तरी परत चढणार नाही.

मुलगा आणि सून, दोघांचं म्हणणं एकच होतं: आता पुरे. मावशीचे गुडघे असे झाले होते की ओट्यावरून उठायला तीन टप्पे लागत. पहिला हात सिमेंटवर, दुसरा कोळंबीवालीच्या खांद्यावर, आणि तिसरा टप्पा म्हणजे एक सणसणीत शिवी. त्याशिवाय गुडघा सरळच होत नसे. बाजाराने तर परस्पर ठरवून टाकलं होतं. पाचव्या ओट्यावरची शिंपलेवाली मावशीच्या जागेकडे अशी बघू लागली होती, जशी नवी सून सासूच्या किल्ल्यांकडे बघते.

खरं सांगायचं तर मावशीच्याही मनात 'नाही'च होतं. ते गुडघ्यांमुळे नव्हे. गुडघ्यांचं दुखणं ती चारचौघांत बोलून दाखवायची. दुसरं दुखणं होतं ते ती कुणाला सांगत नव्हती. ते घड्याळवाल्या काकांचं.

काकांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. डोळ्याला काळं नळकांडं लावून दिवसभर घड्याळं दुरुस्त करायचे. दर दोन दिवसांनी सकाळी मावशीच्या ओट्यापुढे येऊन उभे राहायचे, कापडी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरायचे आणि आपलं तोंड मात्र पलीकडे फिरवायचे. दारावरचं बाजाराचं घड्याळ वीस मिनिटं मागे होतं, त्याच्याकडे बघत उभे राहायचे.

"तुम्ही द्याल ते," म्हणायचे.

तीस वर्षांत काकांनी एकदाही माशाकडे बोट दाखवलं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. बोट दाखवणाऱ्याला दाखवलेला मासा द्यायचा. चांगला निघो वाईट निघो, डोळे त्याचे होते. पण तोंड फिरवून उभ्या राहिलेल्या माणसाला द्यायचा म्हणजे त्याच्या जिभेवर जाऊन बसावं लागतं. गेल्या खेपेला काय दिलं, घरात बायको आजारी आहे का, नातवंडं आलीत का, काट्याचा नको, आज थंडी आहे, सगळं मनात यायचं. एवढा विचार मावशीने स्वतःच्या नवऱ्याच्या जेवणाचाही केला नसेल.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. त्यानंतर "तुम्ही द्याल ते" म्हणणारं एक माणूस त्या शेडमध्ये आलं नाही. आता गिऱ्हाईक फोनवर फोटो दाखवतं. हा आहे का? नसला की पुढे. माशाकडे बघत नाही, आणि मावशीकडे बघायचं तर कारणच नाही.

"मग? पुढे सांग की," कोळंबीवाली म्हणाली. "आणि त्या झाकलेल्या डब्यात काय आहे ते पण सांग. सकाळपासून मी बघतेय."

"डब्याचं नंतर," मावशी म्हणाली.

झालं होतं असं. मावशीचा मुलगा पाकिटं भरण्याच्या यंत्रांचा मेकॅनिक. नवं यंत्र शिकायला कंपनीने त्याला आठ दिवस परदेशी पाठवलं. त्याने बायकोला बरोबर घेतलं आणि आईलाही घेतलं. त्यात त्याचा डाव होता. म्हणाला, "आठ दिवस मासळी न बघता राहून दाखव आई. जमलं तर समज, कायमचंही जमेल."

"आणि नाही जमलं तर?"

"जमेल गं. तिकडे बघायला खूप असतं."

विमानतळावरच पहिली फजिती झाली. तिथे काचेवर अंगठा टेकवायचा होता. सुनेचा लागला, मुलाचा लागला, मावशीचा लागेना. साहेबाने काच पुसली, मावशीचा अंगठा पुसला, स्वतःचा चष्मा पुसला. चार वेळा दाबून झालं. शेवटी त्याने सुनेला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतोय?" मावशीने विचारलं.

"म्हणतो, मशीनला तुमचा अंगठा दिसतच नाही. रेषाच उरल्या नाहीत म्हणे."

"त्याला सांग, उरतील कशा? माशांनी नेल्या."

चार दिवस बरे गेले. मावशीने इमारती पाहिल्या, बागा पाहिल्या, आपोआप वर जाणारे जिने पाहिले. पाचव्या दिवशी मुलाच्या कंपनीच्या लोकांनी एका नावाजलेल्या ठिकाणी तिघांचं जेवण ठेवलं. संध्याकाळी सहाची वेळ. आणि नेमकं त्या दिवशी यंत्र अडून बसलं. मुलाने तिथूनच फोन केला: तुम्ही दोघी जा, तिथे एकेक खुर्ची मोजून असते, वाया घालवू नका. सून कपाळाला हात लावून बसली. कारण ते जेवण कसलं आहे हे तिने सासूला सांगितलंच नव्हतं.

एका गल्लीत, सायकली लावल्या होत्या त्याच्या शेजारी, छोटंसं दार. आत एकच लांब लाकडी फळी आणि तिच्यापुढे आठ खुर्च्या. फळीच्या पलीकडे आचारी उभा. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, कान बाहेर आलेले, डोक्यावर बोटभर पांढरे केस. त्याची बायको चहाचे पेले ठेवत होती. मावशीने दारातच नाक वर केलं.

"मासळी आहे इथे?"

"आहे ना आई. सुशी म्हणतात याला. मासेच असतात."

"वास नाही."

सून घाबरली. पण मावशीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ज्या घरात मासळी असून मासळीचा वास नाही, ते घर काय आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती खुर्चीवर नीट सरळ बसली.

"कार्ड कुठंय? काय काय आहे ते लिहिलेलं?"

"इथे तसं नसतं आई. तो देईल ते खायचं."

"तो देईल ते?"

"हो. आज काय चांगलं आलंय ते तोच ठरवतो. आपण फक्त बसायचं."

मावशीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. टाय बांधलेले दोन पुरुष, एक म्हातारं जोडपं, एक बाई, आणि मुलाची रिकामी खुर्ची. सगळे हात मांडीवर ठेवून गप्प. कुणी बोट दाखवत नव्हतं. कुणाचा फोन बाहेर नव्हता. तिच्या मनात आलं, ही सगळी माणसं पिशवीचं तोंड उघडून, मान फिरवून उभी आहेत.

पहिला मुटका पुढ्यात आला. भाताचा, अंगठ्याएवढा, वर पांढऱ्या माशाचा पातळ काप, त्यावर ब्रशने काहीतरी काळसर लावलेलं. सुनेने आपला उचलून तोंडात टाकला. मावशीने आपला पाहिला. आणि सवयीने, जशी एक्केचाळीस वर्षं होती त्याच सवयीने, अंगठा टेकवून दाबला.

"आई!" सून दात आवळून कुजबुजली. "असं नसतं करायचं."

"बघू नको?"

"बघायचं नाही, खायचं!"

टायवाल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चहावाली बायको हातातली किटली तशीच धरून थांबली. आचारी तिच्या अंगठ्याकडे बघत होता. मावशीने मुटका तोंडात टाकला. भात कोमट होता, हाताच्या उबेचा, जरासा आंबट. मासा गार. चावायला लागली तोवर भात सुटला आणि दोन्ही एक झाले.

"कसा आहे?" सुनेने भीत भीत विचारलं.

"आजचा आहे," मावशी म्हणाली. तिच्याकडे याहून मोठं प्रशस्तिपत्र नव्हतं.

दुसऱ्यालाही अंगठा लागला. दहा पायांचा माकूल होता. तिसऱ्या वेळी मात्र आचाऱ्याने गंमत केली. लाल माशाच्या लादीचं टोक सुरीने अलगद उतरवलं आणि भाताशिवाय, नुसतंच, छोट्या बशीत घालून मावशीपुढे सरकवलं. वर अंगठा हवेत दाबून दाखवला: दाबा.

मावशीने दाबलं. वाकून बघितलं. मान हलवली. मग आचाऱ्याने तिचा मुटका वळला. त्याच्या वळण्याची तऱ्हा मावशी बघतच राहिली. भात घेतला की त्याची दोनच बोटं खाली यायची, एकदा, दोनदा, आणि हात बाजूला. ना जास्त ना कमी. सुरीही तशीच. करवतीसारखी पुढे-मागे नाही, एकदाच आपल्याकडे ओढायची. मावशीच्या नवऱ्याने तिला पहिल्या वर्षी हेच शिकवलं होतं: माशाला दोनदा कापू नये, त्याला एकदाच मरू द्यावं.

"म्हणजे तुमचं नि त्याचं जमलं म्हणायचं," सून म्हणाली. तिच्या जिवात जीव आला होता.

"माणूस कामाचा आहे," मावशी म्हणाली.

इथे कोळंबीवालीला राहवलं नाही. "बाई गं! म्हातारपणी डोळा लागला की काय तुझा आचाऱ्यावर?"

"डोळा नाही, अंगठा लागला. गप ऐक."

मग आला तो. पाठीवर निळे-काळे पट्टे, खाली रुपेरी. मावशी खुर्चीतून उठायचीच बाकी राहिली होती.

"अगंबाई, हा तर बांगडा!"

परक्या शहरात, परक्या माणसांत, आपल्या गल्लीतलं पोरगं अचानक समोर यावं तसं तिला झालं. एवढ्या नावाजलेल्या ठिकाणी बांगडा! बाजारात याला कुणी मान देत नाही, वाट्यावर, ढिगाने विकायचा मासा. तिने हसत हसत अंगठा लावला. आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

खळगा भरून आला नाही.

तिने परत दाबलं. मांस घट्ट होतं, पण जिवंत घट्ट नव्हतं. तिने मुटका उचलून नाकाशी नेला, खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"काय झालं?"

"मी हा खाणार नाही. हा आजचा नाही."

"आई, हळू."

"हळू काय? बांगडा आहे हा. सकाळी धरला तर दुपारपर्यंत मासा, नंतर खत. सांग त्याला."

"मी नाही सांगणार! जगातल्या मोठमोठ्या लोकांना जेवू घालतो तो."

"म्हणून सांगायला हवं. मोठ्या लोकांना कळणार नाही."

सून पेल्यात बघत बसली. आचारी हात थांबवून मावशीकडे बघत होता. न खाल्लेला मुटका त्या फळीवर एकटाच पडला होता. मावशीला भाषा येत नव्हती, पण भाषा येत नाही म्हणून तिचं कधी कुठे अडलं नव्हतं. तिने बांगड्याकडे बोट केलं. मग तोच हात खांद्यावरून मागे टाकला: काल. आणखी एकदा मागे: परवा. मग थोडा विचार केला, अंगठा पुन्हा एकदा माशाला लावला, आणि तिसऱ्यांदा हात मागे टाकला. तीन बोटं वर केली.

आचाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने हळूच आपली तीन बोटं वर केली.

आणि तो हसला. असा हसला की त्याचे कान हलले. बायकोला हाक मारून भराभरा काहीतरी सांगू लागला. बायकोने ते इंग्रजीत सुनेला सांगितलं, सुनेने मावशीला.

"तो म्हणतो, बरोबर तीन दिवस. मीठ लावून ठेवतो, मग आंबटात बुडवतो, मग कापडात गुंडाळून थंड जागी. आजचा बांगडा तो कुणालाच देत नाही. म्हणतो, आजचा अजून तयार नसतो."

"हे तो सगळ्यांना सांगतो?"

सुनेने विचारलं. उत्तर आलं. "हो. देतानाच सांगतो. आत्ताही म्हणाला होता, आपल्याला भाषा कळली नाही."

 मावशीने तो मुटका उचलला आणि खाल्ला.

मीठ आलं, मग आंबट आलं, आणि त्याच्या मागून, अगदी सावकाश, एक जुनं स्वयंपाकघर आलं. एका खोलीचं. कोपऱ्यात चिनीमातीची बरणी, तिच्या तोंडाला फडकं, वर वरवंटा. न विकले गेलेले बांगडे नवरा घरी आणायचा आणि स्वतः बरणीत भरायचा. एक थर मीठ, एक थर मासा, वरून लिंबू. ते काम तो कुणाला करू द्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी फडकं सुटायचं. गरम भातावर ठेवून तिघं खायची, मुलगा बोटं चाटायचा, आणि नवरा म्हणायचा, "आजचा राजाला, परवाचा आपल्याला." बरणीतला मासा त्यांनी कधी ओट्यावर आणला नाही. ते घरातलं होतं. गरिबी जशी घरात ठेवतात तसं झाकून ठेवलेलं. आणि तो जाऊन एकवीस वर्षं झाली तरी मावशीने परत बरणी भरली नव्हती.

एकवीस वर्षं म्हटलं की दुसरी गोष्टही यायचीच. ती मावशीने कोळंबीवालीला सांगितली नाही, आजही नाही.

नवरा दवाखान्यात होता तेव्हाची ती सकाळ. रात्रभर त्याच्या उशाशी बसलेली, पहाटे लिलावाला जाता आलं नाही. पाटीत आदल्या दिवशीचे बांगडे होते, बर्फात. तेच घेऊन ती ओट्यावर बसली. येईल त्याला म्हणाली, "आजचे आहेत." गिऱ्हाइकांनी डोळे बघितले, कल्ले उचकटून बघितले आणि पुढे गेली. कुणी फसलं नाही. फसले ते एकटे काका, कारण त्यांनी पिशवी उघडली आणि तोंड फिरवलं. तिने चार बांगडे टाकले.

दोन दिवसांनी काका आले. पिशवी उघडण्याआधी म्हणाले, "परवाचे मांजराला फार आवडले हो." मावशीने मान वर केली नाही. मग ते म्हणाले, "कालचे असले तर कालचे म्हणून द्यावेत. माझ्या दुकानात तरी नवं काय आहे? सगळी जुनीच घड्याळं. पण मी कुणाला नवं म्हणून देत नाही." एवढंच. आणि पिशवीचं तोंड उघडून, मान फिरवून, दारावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले, जसे नेहमी राहायचे तसे.

त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. पुढे एकोणीस वर्षं ते तसेच येत राहिले, आणि 'चुकलं' हा शब्द मावशीच्या तोंडाशी येऊन तिथेच बसून राहिला. उद्या म्हणू, परवा म्हणू करता करता म्हातारे गेले.

"आई, तिखट लागलं का?" सुनेने विचारलं. "डोळ्यांत पाणी आलंय."

"ते हिरवं काय लावलंय त्याने, ते गेलं नाकात," मावशी म्हणाली. नाक पुसलं आणि एक बोट वर केलं: अजून एक.

तिथे मागायची पद्धत नव्हती. पण आचाऱ्याने दुसरा बांगडा वळला, आणि तो देताना फळीवरून आपला उजवा हात पुढे केला. अंगठा वर. मावशीने तिचा त्याच्याशेजारी धरला. दोन्ही अंगठे चिंचोक्यासारखे गुळगुळीत, आणि दोघांच्याही पेरावर आडवा जुना घाव. टायवाला एक जण उठून बघायला आला.

परतताना सुनेने गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, "केवढ्या वयाचा असेल हो तो?"

"बायकोला विचारलंस ना तू?"

"चौऱ्याहत्तर म्हणाली."

"आणि उभ्याने करतो," मावशी म्हणाली. "मी तर बसून करते."

सून थांबली. सासूकडे बघत राहिली. "आई, तुम्ही काय ठरवताय?"

"मी कुठे काय ठरवतेय? मी फक्त सांगितलं, तो उभा असतो."

"बस?" कोळंबीवाली म्हणाली. "संपलं? आणि डबा?"

"तू सांग. तीन दिवसांमागे, आम्ही आलो त्या दिवशी, सूनबाई आली होती ना इथे बांगडे न्यायला?"

"आलेली की! एकेक दाबून दाबून घेत होती. मी म्हटलं, झालं, सासूचा रोग सुनेला लागला." बोलता बोलता कोळंबीवालीचा हात कपाळाला गेला. "अगं, म्हणजे ते बांगडे..."

मावशीने डब्याचं झाकण काढलं. मिठाने घट्ट झालेले, लिंबात पांढरट पडलेले बांगडे, एकेक नीट मांडलेला. तिने केळीच्या पानावर वेगळे काढून ओट्याच्या एका टोकाला ठेवले. दुसऱ्या टोकाला आज पहाटेचे.

"बरणीतलं ओट्यावर आणलंस?" कोळंबीवाली हळूच म्हणाली. "लोक हसतील मावशी."

"हसू दे. फसणार तर नाहीत."

तेवढ्यात कारकून आला. काखेत यादी, हातात ते अंगठ्याचं यंत्र, पायजमा चिखलाने भरू नये म्हणून टाचांवर चालत. पहिला ओटा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यापाशी तो थांबला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "मावशी, तुमचं नाहीच ना? मी खूण करून ठेवलीये."

शिंपलेवालीने मान लांब केली.

"पुसा ती खूण," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे होय. नळ उजवीकडे द्या. डाव्या अंगाला ही बसते, हिचं बोलणं आणि पाणी दोन्ही एका बाजूला नको."

कारकुनाने यंत्र पुढे केलं. मावशीने अंगठा टेकवला. यंत्र चूं करून लाल झालं. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल.

"लागत नाही हो तुमचा अंगठा."

"परदेशात पण लागला नव्हता. एका माणसाला तेवढा दिसला. कागद आणा, सही करते."

तिने ओल्या हातानेच सही केली. शाई पसरली. कारकून कागद झटकत पुढच्या ओट्याकडे गेला.  कोळंबीवालीने आपल्या परातीतली चार मोठी कोळंबी उचलून मावशीच्या ताटलीत टाकली आणि नाक ओढलं.

ओट्यापुढे एक मुलगी येऊन उभी होती. ऑफिसला निघालेली, खांद्याला पर्स. तिने फोन पुढे धरला. "मावशी, हा मासा आहे का?"

मावशीने फोटो पाहिला. "नाही. आज आलाच नाही तो."

मुलगी पुढे निघाली.

"ए बाय, ऐक. घरी किती माणसं?"

"दोघं."

"मग मी देते ते नेऊन बघ. हे आजचे आहेत. आणि हे तीन दिवसांचे, मिठातले. गरम भात कर आणि वर ठेव, दुसरं काही करू नको. दाबून बघ दोन्ही."

मुलीने इकडे तिकडे पाहिलं. मग फोन पर्समध्ये टाकला आणि बोटाच्या टोकाने, भाजेल की काय अशा भीतीने, एकेक बांगडा दाबून पाहिला. "फरक आहे," ती म्हणाली.

"असणारच. पिशवी उघड."

मुलीने पिशवी उघडली. पण तोंड फिरवलं नाही. मावशीच्या हाताकडे डोळे लावून उभी राहिली. बघू दे, मावशी मनाशी म्हणाली. पहिल्या दिवशी कोण तोंड फिरवतं? तिने एक आजचा टाकला, दोन परवाचे टाकले. मग अर्धवट राहिलेला रावस पुढे ओढला, सुरी पाण्यातून काढली आणि शेपटीकडून खवलं काढायला लागली.